निळीच्या पाण्यातली चोरी

१

चोरी झाली होती ती पाण्यातून. पाणी जागच्या जागी होतं, माशाच्या टाकीची काच शाबूत होती, फरशीवर थेंबभर ओल नव्हती. पाण्यात विरघळलेलं औषध तेवढं रातोरात कमी झालं होतं. एकदाच झालं असतं तर भाऊने आपल्याच हाताला दोष दिला असता. पण गेले सतरा दिवस रोज सकाळी औषध कमी भरत होतं, आणि कहर म्हणजे रोज संध्याकाळी जास्त भरत होतं. असला चोर कुणी पाहिला नसेल. सकाळच्या आत न्यायचं आणि संध्याकाळच्या आत वर थोडं घालून परत आणून ठेवायचं.

"अक्का, तू ये," भाऊ फोनवर म्हणाला. "चोर घरातलाच आहे. आणि हे बघ, निळी गेली की मीही या घरातून निघणार. बॅग भरून ठेवलीय."

"या वयात रुसून कुठे जाणार?"

"वृद्धाश्रमात. चौकशी केलीय मी."

अक्का भाऊची थोरली बहीण. एकतीस वर्षं तिने कापडगिरणीच्या रंगखात्यात काढली होती. ताग्याची छटा नमुन्याशी जुळते की नाही एवढंच सांगायचं, पण ते तिने सांगितल्याशिवाय तागा गिरणीबाहेर पडत नसे. निवृत्त झाली तरी नजर मात्र अजून कामावर जात होती. बसमध्ये समोरच्या माणसाच्या शर्टाची बाही आणि कॉलर एकाच ताग्यातली नाही, हे तिला आपोआप दिसे आणि उगीच वाईट वाटे. भावाचा आवाज ऐकून तिला तसंच काहीसं वाटलं. आवाज रागाचा होता, पण आतलं कापड वेगळंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली. दार भाऊच्या सुनेने उघडलं. सातवा महिना लागलेला, डोळे सुजलेले.

"आत्या, बरं झालं आलात," ती हळूच म्हणाली. "बाबा माझ्याशी बोलत नाहीत."

२

घराच्या मागच्या खोलीत शिरताना अक्काला वाटलं, आपण कुणाच्या तरी झोपेत शिरतोय. खिडकीवर पातळ पडदा होता, उजेड त्यातून गाळून येत होता. हवा सोडणाऱ्या पंपाची एकसुरी घरघर चालू होती आणि पाण्याचा कवडसा छतावर सावकाश हलत होता. खोलीत एक स्टूल, एक बेसिन, टेबल, आणि टेबलावर झाकण घातलेली बोडकी काचेची टाकी. वाळू नाही, दगड नाही, शिंपला नाही. फक्त पांढऱ्या पाइपचा एक तुकडा, आणि त्याच्या तोंडाशी तळहाताएवढा निळा मासा, शेपटी पिवळी. कल्ले भराभर हलत होते.

हीच निळी. आठ वर्षांपूर्वी भाऊच्या बायकोने हौसेने आणलेली. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली, निळी राहिली. बावीस दिवसांपूर्वी तिच्या अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले आणि भाऊने तिला दिवाणखान्यातल्या मोठ्या टाकीतून काढून इथे क्वारंटाइनमध्ये ठेवलं. ठिपक्यांचा रोग म्हणजे अंगात घुसणारा बारीक जीव. त्यावर उपाय खाऱ्या पाण्यात तांब्याचं औषध. ते सलग तीस दिवस एका ठरावीक पातळीला हवं. कमी झालं तर रोग उलटतो आणि तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. जास्त झालं तर मासाच मरतो.

"सगळं काढून टाकलंय ना टाकीतून?" अक्काने विचारलं.

"मी काय कालचा आहे? शिंपले आणि दगड औषध पितात, माहीत आहे मला." भाऊने शाळेच्या प्रयोगशाळेत उभी हयात घालवली होती. दोनशे मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्या त्याने मोजल्या होत्या. "ही बघ पद्धत. नळीत पाणी, वर दहा थेंब, पाच मिनिटं थांबायचं. मग नळीचा रंग या कार्डाशी लावायचा."

कार्डावर सात चौकोन होते. पहिला फिकट पिवळा, मग हिरवट, पुढे पुढे निळा. पाचवा चौकोन म्हणजे बरोबर.

"सकाळी सात, संध्याकाळी सहा. सकाळी तिसरा निघतो, मग मी औषध घालतो. संध्याकाळी बघावं तर सहावा, कधी सातवा! मग पाणी बदलून पाचव्यावर आणतो. सकाळी पुन्हा तिसरा."

"आण, मी बघते एकदा."

भाऊने कार्ड छातीशी धरलं. "नाही. वाचन एकानेच करायचं. दोन माणसं आली की दोन आकडे येतात. प्रयोगशाळेचा पहिला नियम आहे हा."

"आमच्या रंगखात्यात उलटं होतं. दोघांनी पाहिल्याशिवाय शिक्का नाही."

"म्हणून तुमच्या चादरी विटायच्या."

अक्काने टोला गिळला आणि वही मागितली. पहिले चार दिवस सकाळ-संध्याकाळ एकच आकडा होता, पाच. पाचव्या दिवसाचं पान कोरं होतं. सहाव्या दिवसापासून मात्र आकड्यांचा झोपाळा सुरू झाला होता.

"हे पान कोरं का?"

"डोळ्याच्या दवाखान्यात होतो. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डाव्याचा पुढच्या महिन्यात. नेमकं मी घरात नाही असं पाहूनच कुणीतरी हात साफ करायला सुरुवात केली."

"कुणीतरी म्हणजे?"

भाऊने बंद दाराकडे पाहिलं फक्त. ही खोली बाळासाठी हवी आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. निळी बरी होऊन दिवाणखान्यात गेली किंवा देवाघरी गेली, तरच ती रिकामी होणार होती.

३

सून स्वयंपाकघरात सफरचंद चिरत होती. अक्का समोर बसली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "औषध तू काढतेस का?"

सुरी थांबली. "आत्या, मला त्या खोलीत पाऊल टाकायची बंदी आहे. वीस दिवसांपूर्वी मी एकदा म्हटलं होतं, खोली केव्हा रिकामी होईल? बस, तेव्हापासून मी गुन्हेगार."

"मग बाहीवर मिठाचा पांढरा डाग कसला?"

सुनेने बाही पाहिली, कानापर्यंत लाल झाली. "बाबा फिरायला गेले की दिवाणखान्यातली मोठी टाकी पुसते. काठावर मीठ साचतं ना. आईंच्या वेळी ती काच चकचकीत असायची." मग तिने आवाज खाली आणला. "दारातून मात्र बघते मी निळीला. ठिपके तर कधीच गेलेत, आत्या. दहा दिवस झाले असतील. बाबांना सांगितलं तर म्हणाले, तुला काय कळतंय. पण श्वास बघा तिचा. माझा जिना चढल्यावर होतो तसा."

भाऊचा मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. पाचच्या सुमारास हाताला ग्रीस लावून घरी आला. अक्काने त्याला गच्चीवर गाठलं.

"पहाटे मागच्या खोलीत कोण जातं रे? स्टुलाजवळ ग्रीसचा ठसा आहे."

तो आधी हसला, मग हसू मावळलं. "मी जातो. कामावर जायच्या आधी पाच मिनिटं. आई बसायची ना सकाळची तिच्यासमोर? म्हणायची, हिच्याकडे बघितलं की डोक्यातली कलकल कमी होते." त्याने नखातलं ग्रीस कोरलं. "पाण्याला हात नाही लावत आत्या. नुसता बसतो. बाबांना सांगू नकोस, उगीच हळवे होतील."

अक्काला एकदम भरून आलं. या घरात सगळेच एका माशाच्या काचेआडून एकमेकांकडे बघत होते आणि कुणाला कुणी दिसत नव्हतं.

राहिला रंगारी. दवाखान्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो बाहेरच्या बोळाच्या भिंती रंगवत होता आणि ब्रश धुवायला मागच्या खोलीतलं बेसिन वापरत होता. आकड्यांचा झोपाळाही त्याच दिवशी सुरू झालेला! अक्काने कान टवकारले. पण हा गृहस्थच तक्रारींनी शिगोशीग भरलेला निघाला.

"तुमच्या भावापुढे हात टेकले, बाई. सकाळी येतात आणि म्हणतात, भिंत पिवळट दिलीस, पांढरी सांगितली होती. मी म्हणतो, दुसरा हात मारतो. तर संध्याकाळी येऊन पाठीवर थाप, वा, काय झकास पांढरी केलीस! मी त्या भिंतीला बोटसुद्धा लावलेलं नसतं. सोळा दिवस हेच चाललंय. मला वाटायला लागलं, भिंतच माझी फिरकी घेतेय."

"ब्रश धुताना टाकीत शिंतोडे?"

"टाकीवर झाकण असतं. आणि मलाही पोरंबाळं आहेत हो. माशाला कशाला मारू?"

अक्का हसत निघाली, पण दाराशी थबकली. सकाळी पिवळट, संध्याकाळी पांढरी. तिच्या धंद्यात हे रोजचं होतं. उजेड बदलला की रंग बदलतो. सकाळी खिडकीचा उजेड, संध्याकाळी ट्यूबलाइट. हात्तिच्या, एवढंच! तिला वाटलं, चोर सापडला.

४

संध्याकाळी सहाला बाहेर अजून लख्ख ऊन होतं. अक्काने भाऊला ट्यूबलाइट लावू दिली नाही. "नळी घेऊन खिडकीशी चल. सकाळी वाचतोस तिथेच उभा राहा."

भाऊने कुरकुर करत नळी उजेडात धरली. अक्का श्वास रोखून बघत राहिली.

"सहावा," भाऊ म्हणाला. "बघितलंस? उजेडाचा काही संबंध नाही."

अक्काचा चोर हातातून निसटला. भाऊने बादलीभर पाणी काढलं, साधं खारं पाणी घातलं, पुन्हा तपासलं. पाचवा. मग अक्काने शेवटचा उपाय केला. खिडकीला आतून कडी घातली, टाकीचं झाकण चिकटपट्टीने बंद केलं आणि पट्टीवर स्वतःची सही केली. दाराला कुलूप लावून किल्ली गळ्यात अडकवली. मुलाला सांगितलं, उद्या पहाटे खोली बंद राहील. तो समजला.

सकाळी सातला सगळे दाराशी जमले. कुलूप जसंच्या तसं, कडी जशीच्या तशी, सही जशीच्या तशी. भाऊने पट्टी काढली, नळी भरली, दहा थेंब टाकले. पाच मिनिटं भरायची होती. पंपाची घरघर तेवढी चालू होती आणि अर्धवट झोपेतल्या उजेडात निळी पाइपच्या तोंडाशी कलती होऊन पडली होती.

"तिसरा," भाऊ म्हणाला.

"शक्य नाही," मुलगा पुटपुटला.

"शक्य कसं नाही? किल्ली कुणाकडे होती? अक्का, आता तूच राहिलीस संशयाला!" भाऊचा आवाज फाटला. त्याने निळीकडे पाहिलं, मग घाईघाईने औषधाची बाटली उचलली.

"बाबा, घालू नका!" सून उंबऱ्यावरून ओरडली.

भाऊ गर्रकन वळला. अठरा दिवस ओठांआड ठेवलेलं एका दमात बाहेर आलं. "ऐकलंस अक्का? ऐकलंस? तिला औषध नकोच आहे! हिला खोली हवीय. निळी मेली की बाळाचा पाळणा इथे, आणि म्हातारा बाहेर!"

सुनेने पोटावर हात ठेवला आणि भिंतीला टेकली. मुलगा पुढे झाला. भाऊने बाटलीचं झाकण फिरवलं.

५

"थांब," अक्का म्हणाली.

रंगखात्यात ती हा शब्द महिन्यातून एखाददा वापरायची, तेव्हा यंत्रं बंद व्हायची. भाऊचा हातही थांबला.

"मला एक सांग. अठरा दिवस जर रोज सकाळी औषध कमी असतं, तर ठिपके उलटले असते की नाही?"

"उलटलेच असणार."

"मग दाखव. एक तरी दाखव."

भाऊ काचेवर वाकला. बराच वेळ वाकून राहिला. "मला... नीट दिसत नाहीये या वेळी."

"तुझ्या सुनेला दिसतंय. दहा दिवस सांगतेय ती. ठिपके गेले, म्हणजे औषध कमी कधी नव्हतंच. निळी धापा टाकतेय, खात नाही. ही लक्षणं औषध कमी पडल्याची की जास्त झाल्याची?"

हे भाऊला येत होतं. "जास्तीची."

"म्हणजे सकाळचं पाणी बरोबर असतं. तू त्यात औषध ओततोस, दिवसभर ती विष पिते आणि संध्याकाळी तू घाबरून पाणी बदलतोस. चोरी होत नव्हती, भाऊ. रोज सकाळी खोटी फिर्याद होत होती."

"मी खोटं वाचतो?" भाऊ रागाने तिच्याकडे वळला आणि उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला. उजव्या डोळ्यावर भोकाभोकांचं, आतून कापूस लावलेलं प्लास्टिकचं झाकण, कपाळापासून गालापर्यंत चिकटपट्ट्या.

अक्का त्या झाकणाकडे बघतच राहिली. काल ते तिथे नव्हतं.

"हे काय आहे?"

"झोपेत डोळा चोळला जाऊ नये म्हणून. डॉक्टर म्हणाले होते आठ दिवस, मी महिनाभर लावणार आहे. आठला चहा झाला की काढतो आणि थेंब घालतो. आधी निळी, मग डोळा."

अक्का मटकन स्टुलावर बसली. हसावं की रडावं तिला कळेना. "ती नळी ओतू नकोस. तीच नळी. आता झाकण काढ, हात धुऊन हळूच काढ. आणि पुन्हा वाच."

भाऊने बेसिनवर हात धुतले. पट्ट्या एकेक करून सोडवल्या. मग नळी आणि कार्ड खिडकीशी धरलं.

"पाचवा."

"डावा उघडा ठेवून उजवा झाक."

"तिसरा. चौथाही असेल. सगळे सारखेच दिसतात."

"डावा झाक."

"पाचवा," भाऊ म्हणाला, इतक्या हळू की पंपाच्या आवाजात बुडालं. "स्वच्छ पाचवा."

"वाचन एकानेच करायचं म्हणालास. माणूस एकच होता रे, डोळे दोन होते. एक जुना, एक नवा. पहिले चार दिवस दोन्ही जुनेच होते, म्हणून आकडा हलला नाही. मोतीबिंदू झालेला डोळा म्हणजे कोऱ्या चहाच्या पेल्यातून बघणं. निळा रंग तो गिळून टाकतो. म्हणून रंगाऱ्याची भिंत सकाळी पिवळट आणि संध्याकाळी पांढरी. आमच्या खात्यात मोतीबिंदूवाल्याला छटा जुळवायला बसवत नसत. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायच्या आधी मलाही उठवलं होतं, तेव्हा मीही सगळ्यांवर संशय घेतला होता. आणि तरी काल मी चोर शोधत हिंडले. कारण तू काल दुपारी माझ्याकडे दोन्ही डोळ्यांनी बघत होतास."

मुलाने पुढे येऊन बापाच्या हातातली बाटली काढून घेतली आणि झाकण घट्ट लावलं.

"जगेल ती?" सुनेने उंबऱ्यावरूनच विचारलं.

"आज काही घालायचं नाही, काही काढायचं नाही," अक्का म्हणाली. "पाणी पाचव्यावर आहे, तिथेच राहू दे. तीस दिवसांतले तेवीस तर तिने कधीच काढलेत. सात राहिले. हेलकावे थांबले तर काढेल."

भाऊ उजवा डोळा उघडा ठेवून निळीकडे बघत होता.

६

दिवसभर भाऊ खोलीबाहेर आला नाही. अक्का दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही पेले गार झाले. दुपारनंतर निळी सरळ झाली. खाल्लं काही नाही, पण पाइपातून बाहेर आली आणि टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश जाऊन आली. पाण्याचा कवडसा तिच्याबरोबर छतावरून गेला.

सहाला दार उघडलं. सून बोळात उभी होती. निघून जावं की थांबावं, तिला ठरवता येत नव्हतं.

"आत ये," भाऊ म्हणाला.

ती उंबऱ्याशी घुटमळली.

"ये. तुला वाकायला नको, मी नळी वर धरतो. तू वाच."

"मी, बाबा?"

"मी दिवसभर विचार केला, तुझी माफी कशी मागावी. शब्द सापडेनात. शाळेत मुलांना माफीपत्रं लिहायला लावायचो मी, स्वतःवर वेळ आली तर एक ओळ येत नाही. चुकलो मी. फार वाईट बोललो तुला."

सुनेने डोळे पुसले, कार्ड घेतलं आणि नळीशेजारी धरलं. खूप वेळ लावला. अक्का दाराच्या चौकटीला टेकून बघत होती, पण जिभेला आज तिने सुट्टी दिली होती.

"पाचवा," सून म्हणाली.

भाऊने खात्री करायला नळीकडे पाहिलं नाही. वही उघडली, पेन घेतलं, आणि हात तसाच वहीवर राहिला.

"अक्का, हा डोळा कधी खराब झाला असेल गं?"

"एका दिवसात होत नाही. सात-आठ वर्षं तरी चढत असेल पडदा. आपल्याला कळतही नाही."

"म्हणजे निळी आली तेव्हापासून." भाऊ स्टुलावर बसला. "तुझी भावजय रोज मला बोलवायची. अहो, इकडे या, बघा तरी काय निळी आहे! मी यायचो, बघायचो आणि म्हणायचो, आहे, बरी आहे. पाच वर्षं हेच. तिला वाटलं असेल, याला कशाचं काही नाही. मला खरंच एवढीच दिसायची गं. मळकी, राखाडी. मला वाटायचं, तिला उगीच कौतुक."

निळी काचेजवळ आली. खिडकीतलं ऊन तिच्या अंगावरून सरकलं.

"मग आता सांगा ना त्यांना," सून म्हणाली.

"काय सांगू?"

"तेच. कशी आहे ते."

भाऊने डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. नव्या डोळ्याने तो निळीकडे बघत राहिला, आणि मग तो बायकोशी बोलायचा त्या आवाजात, जरा हळू, जरा ओशाळून म्हणाला, "हो गं. फार निळी आहे."

सुनेने त्याच्या हातातून पेन घेतलं आणि वहीत लिहिलं, संध्याकाळ, सहा वाजता, पाच.